फाईलचा दोष की यंत्राचा? मंदावलेल्या ऑटोकॅडमागचे माझे एकोणीस दिवस

मी डिचोलीत राहते आणि घरातूनच आर्किटेक्ट व सर्व्हेअर मंडळींसाठी ऑटोकॅडवर नकाशे काढून देते. २०१८ च्या मार्चमध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, त्यात यजमानांची नोकरी गेली आणि तोवर फावल्या वेळचे असलेले माझे हे काम घरखर्चाचा मुख्य आधार होऊन बसले. २०२४ च्या जूनमध्ये लॅपटॉपवर ऑटोकॅड अक्षरशः रांगू लागले, तेव्हा नवा लॅपटॉप घ्यायचा म्हणजे मुलीच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांना हात लावायचा, एवढे मला स्पष्ट दिसत होते. शेवटी नवा लॅपटॉप घ्यावा लागला नाही. मात्र त्याआधी मी आठवडाभर चुकीच्या दिशेने धावले. त्या चुकाही इथे तपशिलाने लिहिते आहे, कारण ज्याला त्याला विचारत फिरताना मला मिळालेल्या सल्ल्यांत ‘रॅम वाढवा’ आणि ‘फॉरमॅट मारा’ याखेरीज फारसे काही नव्हते.

लॅपटॉप २०२० च्या ऑगस्टमध्ये घेतलेला, म्हणजे वॉरंटी केव्हाच संपलेली. चार कोअरचा प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, १ टीबीची फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आणि ४ जीबीचे स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड, असा त्याचा संसार. छोट्या घरांचे आराखडे, कुंपणभिंतीची रेखाटने, बांधकाम परवान्यासाठी पंचायतीला द्यायचे नकाशे अशी कामे त्याने चार वर्षे विनातक्रार केली होती.

सोमवार, १० जून रोजी पेडणे तालुक्यातल्या एका डोंगरउताराच्या जमिनीचे काम आले. मोपाच्या विमानतळावरून २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उडू लागल्यावर त्या बाजूची कामे वाढली आहेत, त्यांतलेच हे एक. जमिनीचे भूखंड पाडायचे होते. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमीनहक्काचा दाखला) आणि सर्व्हे प्लॅन मिळालेला होता, सर्व्हेअरने टोटल स्टेशन या मोजणीयंत्राने मोजणी करून कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, काढलेले होते, आणि माझ्याकडून अंतर्गत रस्ते, मोकळ्या जागा व भूखंडांची मापे घातलेला नकाशा २८ जूनपर्यंत आर्किटेक्ट सरांकडे जायचा होता, म्हणजे ते तो नगरनियोजन खात्यात सादर करू शकले असते. सर्व्हेअरची फाईल ४८ एमबीची होती. माझी नेहमीची फाईल दोन-तीन एमबीपेक्षा मोठी नसते. सर्व्हेअरची ही फाईल उघडायला ४ मिनिटे १० सेकंद लागली. हा आकडा मी तेव्हा घड्याळ लावून मोजला नव्हता. भाताचा कुकर लावून आले तरी फाईल उघडतेच आहे, हे पाहून दुसऱ्या वेळी मोजला.

पुढचे तीन दिवस वाया गेले असेच म्हणावे लागेल. एखादा झाडाचा ब्लॉक, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायचे तयार चित्र, कॉपी करून पेस्ट करायचा तर बारा सेकंद पडदा थिजून राही. कर्सर रेषेवर आणला की तो उड्या मारत येई. सेव्ह करायला चाळीस सेकंद लागत, आणि त्या भीतीने मी सेव्हच कमी वेळा करू लागले, याचा परिणाम व्हायचा तोच झाला. गुरुवारी, १३ तारखेच्या रात्री ऑटोकॅड ‘फेटल एरर’ देऊन बंद पडले आणि दोन तासांचे काम गेले. ते सगळेच गेले नव्हते, हे मला नंतर कळले. ऑटोकॅड ठरावीक मिनिटांनी एक स्वयंचलित प्रत टेंप फोल्डरमध्ये ठेवत असते आणि तिच्या नावाचा शेवट ‘एसव्ही’ व डॉलर चिन्ह असा असतो. तो शेवट बदलून ‘डीडब्ल्यूजी’ केला की ती साध्या फाईलसारखी उघडते. त्या रात्री मला हे ठाऊक असते तर मी निदान झोपले असते.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याने फोनवर ऐकून घेतले आणि निकाल दिला, “मामी, तो लॅपटॉप आता जुना झाला. गेमिंग लॅपटॉप घे, एकदाच काय तो खर्च.” शुक्रवारी, १४ जूनला मी म्हापशाला गेले. शुक्रवारचा बाजार असल्याने स्टँडपासून दुकानापर्यंत पावसात छत्री सावरत पोहोचायलाच अर्धा तास लागला. दुकानदाराने ८४,००० रुपयांचा एक लॅपटॉप दाखवला आणि पाच हजार आगाऊ ठेवले तर सोमवारपर्यंत राखून ठेवतो म्हणाला. माझा हात पर्सकडे गेलाही होता. मग तिथल्याच दुरुस्ती करणाऱ्या मुलाने लॅपटॉप उघडून टास्क मॅनेजर पाहिला आणि म्हणाला, “मॅडम, प्रोसेसर तर तेरा टक्केच चालतोय, रिकामाच आहे. विंडोज बिघडलंय, फॉरमॅट करू.” ८४,००० रुपयांच्या तुलनेत फॉरमॅटचे ८०० रुपये मला देवाने पाठवल्यासारखे वाटले आणि मी हो म्हटले.

त्या तेरा टक्क्यांबद्दल इथेच सांगते, कारण माझी सर्वांत मोठी दिशाभूल त्या आकड्याने केली. ऑटोकॅडची रोजची बहुतेक कामे प्रोसेसरच्या एकाच धाग्यावर (थ्रेडवर) चालतात, म्हणजे ती अनेक कोअरमध्ये वाटली जात नाहीत. चार कोअरचा माझा प्रोसेसर विंडोजला आठ तार्किक प्रोसेसर म्हणून दिसतो. त्यांतला एक पूर्ण राबत असला आणि बाकीचे सात स्वस्थ बसलेले असले, तर एकूण सरासरी शंभर भागिले आठ, म्हणजे साडेबारा टक्केच निघते. तो तेराचा आकडा रिकामपणाचा नव्हताच. एक मजूर ओझ्याखाली वाकलेला आणि सात जण बांधावर बसलेले, असा तो प्रकार होता. टास्क मॅनेजरमधल्या प्रोसेसरच्या आलेखावर उजवी क्लिक करून तार्किक प्रोसेसर वेगवेगळे दाखवायला सांगितले, की हे डोळ्यांना दिसते. ऑटोकॅडसाठी यंत्र निवडताना कोअरच्या संख्येपेक्षा एका कोअरचा वेग जास्त महत्त्वाचा का, तेही यावरून समजते.

शनिवारी संध्याकाळी लॅपटॉप परत मिळाला. नकाशे माझ्याकडे बाहेरच्या डिस्कवर होते, पण ऑटोकॅडमधली माझी घडी मोडली होती. छपाईच्या रेषांच्या जाडीच्या सीटीबी फाईली, चार वर्षांत जमवलेल्या, लिस्प भाषेत लिहिलेल्या लहान आज्ञा, स्वतः बसवलेली आज्ञांची लघुरूपे, यांतले काहीच उरले नव्हते. फॉरमॅटला यंत्र देण्याआधी ऑटोकॅडच्या ऑप्शन्समध्ये जाऊन या फाईली कुठल्या फोल्डरात आहेत ते पाहावे आणि त्या काढून ठेवाव्यात, हे तिथे कोणी सांगत नाही, कारण दुकानदाराच्या लेखी ‘डेटा’ म्हणजे डेस्कटॉप आणि फोटो.

रविवारी, १६ जूनला ऑटोकॅड पुन्हा उतरवून घेतले, तर लॉगिन होईना. माझ्याकडचे सबस्क्रिप्शन आर्किटेक्ट सरांच्या कार्यालयाने मला नेमून दिलेले असते. माझे काम थांबले आहे असे समजून तिथल्या व्यवस्थापकांनी शनिवारी ते एका शिकाऊ मुलाच्या नावावर केले होते. सोमवारी बकरी ईदची सुट्टी, कार्यालय बंद. मंगळवारी, १८ तारखेला अकरा वाजता फोन लागला, त्यांनी खात्यात जाऊन नाव बदलले आणि दुपारी एकदाचे ऑटोकॅड उघडले. दुसऱ्याच्या खात्यावरचा परवाना वापरणाऱ्यांनी यंत्र दुरुस्तीला देण्यापूर्वी ‘माझे नाव काढू नका’ असा एक निरोप लेखी पाठवून ठेवावा, हे मी माझ्या अनुभवावरून सुचवते.

मग मी तीच ४८ एमबीची फाईल उघडली. ५ मिनिटे ५ सेकंद. पहिल्यापेक्षा जवळजवळ एक मिनिट जास्त.

खरे सांगायचे तर त्या संध्याकाळी मी रडले. दहा दिवस उरले होते, नकाशाचा चौथा हिस्साही झालेला नव्हता, आणि हातात होते ते पूर्वीपेक्षा संथ झालेले यंत्र. सासूबाईंनी चहा आणून ठेवला आणि म्हणाल्या, “तू हिशेबाची वही लिहितेस ना, तशी याची लिही. कुठे किती जातंय ते तरी कळेल.” त्यांना संगणकातले काही कळत नाही, पण त्या आठवड्यातला हा एकमेव सल्ला होता ज्याने मला कामाला लावले. मी मुलीची एक अर्धी कोरी वही घेतली आणि पाच रकाने आखले: तारीख व वेळ, काय बदलले, उघडायला लागलेला वेळ, ब्लॉक पेस्ट व्हायला लागलेला वेळ, शेरा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लगेच मोजायचे, एवढाच नियम ठेवला.

बुधवारी, १९ जूनला सकाळी पहिली मोजणी नव्या, कोऱ्या रेखाटनावर केली. त्यात हजार-दोन हजार रेषा काढून हलवून पाहिल्या. पेस्ट लगेच होत होते, पण कर्सर तिथेही अडखळत होता. म्हणजे दुखणी दोन होती. पेस्टचा अडथळा मोठ्या फाईलपुरता होता आणि कर्सरचा सगळीकडे. कर्सरसाठी मी ‘ग्राफिक्सकॉन्फिग’ ही आज्ञा दिली, तर हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशनचे बटण चालूच करता येईना. डिव्हाइस मॅनेजर उघडला तेव्हा उलगडा झाला. फॉरमॅट केल्यानंतर ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर कोणी बसवलाच नव्हता आणि सारा पडदा विंडोजच्या ‘बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’वर चालला होता. पडद्यावरची प्रत्येक रेषा बिचारा प्रोसेसरच काढत होता. कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर उतरवून घेतला, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्सच्या यादीत ऑटोकॅड जोडून त्याला ‘हाय परफॉर्मन्स’ दिले, वीजवापराचा प्रकारही बदलला. लॅपटॉपमध्ये बहुधा दोन ग्राफिक्स असतात, एक प्रोसेसरमधले आणि एक स्वतंत्र, आणि ऑटोकॅड त्यांतले कुठले वापरते हे आपण पाहिल्याशिवाय कळत नाही. कर्सर गुळगुळीत झाला. फाईल उघडायचा वेळ ४ मिनिटांवर आला, पेस्टचे बारा सेकंद मात्र जागचे हलले नाहीत.

फाईलचा दोष पक्का करायला ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि तो मी पहिल्या दिवशी करायला हवा होता. गुरुवारी पेन ड्राइव्ह घेऊन कदंबच्या बसने फोंड्याला माझ्या मैत्रिणीकडे गेले. तीही हेच काम करते आणि तिचे यंत्र जेमतेम वर्षाचे, १६ जीबी रॅमचे आहे. तिथे फाईल १ मिनिट ५० सेकंदांत उघडली, पण ब्लॉक पेस्ट करायला नऊ सेकंद लागलेच. मैत्रीण हसून म्हणाली, “अगं, चौऱ्याऐंशी हजार घालून तू तीन सेकंद वाचवणार होतीस.” तिने दिलेली शिरवाळी खाताना इतके हलके वाटले की परतीची बस चुकली.

शुक्रवार आणि शनिवार, २१ आणि २२ जून, असे दोन दिवस मी फाईल धुतली. हा भाग सविस्तर लिहिते, कारण इथे एक पैसाही लागत नाही आणि सर्वाधिक फरक इथेच पडला. काहीही करण्यापूर्वी मूळ फाईलची प्रत वेगळ्या नावाने ठेवली. मग ‘ऑडिट’ चालवून चुका दुरुस्त करून घेतल्या. त्यानंतर ‘पर्ज’ची खिडकी उघडली. नेहमी मी तिथे न वापरलेले लेअर (नकाशाचे थर) आणि ब्लॉक काढून मोकळी होत असे. या वेळी खाली असलेल्या ‘ऑर्फन्ड डेटा’ आपोआप काढण्याच्या चौकटीत खूण केली. डीजीएन या दुसऱ्या प्रोग्रॅमच्या फाईलप्रकारातून येणाऱ्या रेषाशैलींचा अनाथ साठा त्यातून निघतो. फाईल एकदम ४८ वरून १७ एमबीवर आली, तेव्हा मला आकडा दोनदा वाचावा लागला. हा साठा वाळवीसारखा असतो. पडद्यावर त्यातले काही दिसत नाही, पण अशा फाईलमधून एखादा ब्लॉक आपल्या फाईलमध्ये पेस्ट केला की तो बरोबर येतो, आणि आपल्या फाईलमधून पुढच्याच्या घरात जातो. या सर्व्हेअरची मूळ टेम्प्लेट फाईल वर्षानुवर्षे हातोहात फिरत आलेली असणार, त्यात त्यांचा एकट्याचा काय दोष?

उरलेला कचरा त्या खिडकीत दिसत नाही. आज्ञेच्या आधी उणे चिन्ह लावून ‘-पर्ज’ असे लिहिले की ती खिडकीऐवजी आज्ञापट्टीवर चालते, आणि तिथे ‘आर’ हे अक्षर दिले की ‘रेगॅप’, म्हणजे वेगवेगळ्या प्रोग्रॅमांनी फाईलमध्ये नोंदवून ठेवलेली नावे काढता येतात. नावाच्या जागी तारांकन द्यायचे आणि प्रत्येकाला विचारू का या प्रश्नाला नाही म्हणायचे. ती हजारोंनी निघाली. त्याच पद्धतीने ‘-स्केललिस्टएडिट’ देऊन स्केलची यादी मूळ स्थितीला आणली. एकमेकांत गुंतलेल्या एक्सरेफ, म्हणजे बाहेरून जोडलेल्या, फाईलींमुळे त्या यादीत एकाच १:१००० ची शेकडो रूपे साठली होती. मग पुन्हा ऑडिट, पुन्हा पर्ज. कॉपी करताना ऑटोकॅड निवडलेला भाग टेंप फोल्डरमध्ये एका लहान रेखाटनाच्या रूपाने लिहिते आणि पेस्ट करताना तो आत घेते, म्हणून एका झाडाबरोबर हा सगळा लवाजमा ये-जा करत होता. शनिवारी दुपारी वहीत नोंद झाली: फाईल ६.२ एमबी, पेस्ट एका सेकंदाच्या आत.

कंटूरची गोष्ट निराळी होती. ते दिसायला सुंदर व्हावेत म्हणून स्प्लाइनचा गोलावा दिलेला होता, आणि त्यामुळे एकेका रेषेत हजारो बिंदू झाले होते. ‘पीएडिट’मध्ये सर्व कंटूर एकदम निवडून ‘डीकर्व्ह’ केले तेव्हा ते किंचित कोनाकोनाचे दिसू लागले, पण मोजणीचे खरे बिंदू तसेच राहिले. सर्व्हेअरना विचारूनच हे केले. एकावर एक पडलेल्या रेषा काढायला ‘ओव्हरकिल’ वापरले; त्यात टॉलरन्स (चालवून घेण्याचा फरक) शून्य ठेवला आणि एका ओळीतल्या रेषा जोडण्याच्या पर्यायांवरची खूण काढून टाकली, कारण भूखंडांच्या हद्दी माझ्या न कळत जोडल्या गेल्या तर मापांचा घोळ झाला असता. कंटूरचा लेअर नुसता बंद करण्याऐवजी ‘फ्रीझ’ करावा, हेही तेव्हाच नीट समजले. बंद केलेला लेअर दिसत नाही, पण पडदा पुन्हा रचला जाताना ऑटोकॅड त्यातल्या वस्तू हिशेबात धरते. फ्रीझ केलेल्या लेअरला ते हातच लावत नाही.

आणखी एक गुंता निर्देशांकांच्या बाजूचा. सर्व्हे यूटीएम, म्हणजे जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या पद्धतीने, ४३ उत्तर या विभागात होता, म्हणजे आपल्या भागात पूर्वेचा आकडा पावणेचार लाख मीटरच्या आसपास आणि उत्तरेचा सव्वासतरा लाखांच्या आसपास. शून्यबिंदूपासून इतके लांब काम करताना हॅच (क्षेत्रावरची रेघांची नक्षी) भरायला वेळ लागतो, कधी तो भरतच नाही आणि बारीक मापे पडद्यावर थरथरतात. मी कामाच्या प्रतीतला सारा नकाशा पूर्वेकडून नेमका ३,७७,००० आणि उत्तरेकडून नेमका १७,२५,००० मीटर मागे सरकवला आणि ते दोन आकडे नकाशातच एका न छापणाऱ्या लेअरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले. पूर्ण आकडे घेतल्याने परत जागेवर नेताना चूक होण्याची भीती राहत नाही. मूळ जागेवरची प्रत वेगळी जपून ठेवावी, कारण अंतिम नकाशा खऱ्या निर्देशांकांवरच द्यायचा असतो.

छपाईची खिडकी उघडायला लागणारा पाऊण मिनिट मात्र सर्वांत बावळट कारणाने जात होता. सर्व्हेअरच्या पानमांडणीत त्यांच्या कार्यालयातल्या ए-३ प्रिंटरचे नाव होते आणि माझे ऑटोकॅड दर वेळी त्याला डिचोलीत शोधत होते. ते नाव काढून पीडीएफ ठेवले. त्यांच्या सर्व्हरवरच्या, मला कधीच न मिळणाऱ्या दोन एक्सरेफ फाईलींचे दुवेही काढले. निवडीची पूर्वझलक, कर्सरजवळच्या सूचना असल्या लहान सोयी बंद करण्याचे सल्लेही बरेच मिळतात. मी ते करून पाहिले, वहीत फरक दिसला नाही, पुन्हा चालू केल्या.

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण रविवारी, २३ जूनला दुपारी दोनच्या सुमारास तीच धुतलेली फाईल पुन्हा जड झाली. वही उलटी चाळली तर सकाळच्या आणि दुपारच्या नोंदींत सगळीकडे अंतर होते, माझ्याच लक्षात आले नव्हते. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा चालू वेग दिसतो. सकाळी तो साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपास असे, तो आता १.१ वर आला होता. एचडब्ल्यूमॉनिटर नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये तापमान ९५ अंश सेल्सिअस. यंत्र तापले की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि एकाच धाग्यावर चालणाऱ्या ऑटोकॅडला त्याचा फटका सर्वांत आधी बसतो. त्याच वेळी डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर आणि आठपैकी साडेसात जीबी रॅम भरलेली. रॅम भरली की विंडोज डिस्कचाच आधार घेते, आणि फिरती तबकडी तो भार पेलू शकत नाही. म्हणजे ‘रॅम वाढवा’ म्हणणारेही अगदीच चुकले नव्हते. फक्त क्रम उलटा होता.

सोमवारी सांजांव, म्हणजे विहिरीत उड्या मारायचा गोव्यातला ख्रिस्ती सण, होते आणि पाऊस असा कोसळत होता की विहिरीत उड्या मारणाऱ्यांना वेगळी विहीर शोधायची गरज नव्हती. वीज दिवसभर ये-जा करत होती. मी फोनवर पणजीतल्या दोन दुरुस्तीवाल्यांना विचारले. लॅपटॉपचे नेमके मॉडेल सांगून आत रॅमची दुसरी जागा आहे का आणि एसएसडीसाठी (फिरती तबकडी नसलेल्या वेगवान डिस्कसाठी) कुठल्या प्रकारची जागा आहे, हे आधी विचारून घ्यावे. नाहीतर खेप फुकट जाते.

मंगळवारी, २५ जूनला पणजीत त्यांतल्या एकाकडे समोर बसून यंत्र उघडताना पाहिले. पंख्यामागच्या जाळीवर तांबड्या धुळीचा नमद्यासारखा थर बसला होता. आमचे घर खाणीकडच्या रस्त्यापासून फार दूर नाही; पावसाळ्याची दमट हवा आणि ती धूळ मिळून तिचा गिलावाच झाला होता. दुरुस्ती करणारे गृहस्थ वयाने मोठे होते. त्यांनी तो थर चिमटीत धरून दाखवला आणि म्हणाले, “बाई, याने चार वर्षं श्वास कसा घेतला?” साफसफाई आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलणे ६५० रुपये, ५०० जीबीची एसएसडी ३,४००, ८ जीबी रॅमची दुसरी पट्टी १,८५०, आणि जुन्या डिस्कवरचे सारे जसेच्या तसे एसएसडीवर उतरवण्याचे ५०० रुपये. या वेळी मला पुन्हा फॉरमॅट नको होता. बिल जीएसटीसह घेतले आणि त्यावर एसएसडी व रॅम दोन्हींचे सीरियल नंबर लिहून घेतले, कारण वॉरंटीत बदलून मिळवायला नुसते ‘एसएसडी १ नग’ असे लिहिलेले बिल पुरेल याचा भरवसा नाही. म्हापशाचे ८०० धरून एकूण खर्च ७,२०० झाला. बसभाडे आणि बुडालेले दिवस वेगळे.

लॅपटॉप बुधवारी संध्याकाळी हातात आला. मूळ ४८ एमबीची फाईल, जी मी तुलनेसाठी जपून ठेवली होती, ती आता १ मिनिट ५ सेकंदांत उघडली. धुतलेली फाईल ९ सेकंदांत. गुरुवारी दुपारी तीन वाजता, सलग पाच तास काम केल्यानंतर, तापमान ७८ आणि वेग तीनच्या वर होता. त्या दिवशी रात्री दीडपर्यंत बसले. शुक्रवारी, २८ जूनला सकाळी नकाशा खऱ्या निर्देशांकांवर परत नेला, भूखंडांच्या मापांची सर्व्हे प्लॅनशी पडताळणी केली आणि साडेबाराला सरांकडे पाठवला. त्यांनी दोन रस्त्यांच्या वळणांत दुरुस्त्या सांगितल्या, त्या अर्ध्या तासात झाल्या; पूर्वीच्या वेगाने त्यात दिवस गेला असता.

काही गोष्टी अजून जशाच्या तशा आहेत. सर्व कंटूर उघडे ठेवून पूर्ण डोंगर पडद्यावर फिरवला तर यंत्र अजूनही दमते, म्हणून तो लेअर मी लागेल तेव्हाच उघडते. लॅपटॉपखाली दोन लाकडी पट्ट्या ठेवल्या आहेत, म्हणजे खालून हवा जाते. जुनी तबकडी साडेतीनशे रुपयांच्या एका डबीत बसवून घेतली आणि तीवर सीटीबी, लिस्प व टेम्प्लेट यांची प्रत दर शनिवारी टाकते. वहीही चालू आहे, मुलगी तिला ‘लॅपटॉपची जन्मपत्रिका’ म्हणते.

जुलैत मी सर्व्हेअरना त्यांची टेम्प्लेट फाईल साफ करून परत पाठवली आणि पर्जची ती चौकट कुठे आहे तेही लिहून कळवले. “वहिनी, फार उपकार झाले, आता हीच वापरतो,” असे त्यांचे उत्तर आले. त्यांच्या पुढच्या कामाची फाईल ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आली. आकार ४१ एमबी.